जखमी प्राणी दिसला की आधी कोणाला हाक मारायची?

वळचण

चार दिवसांपूर्वी रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर एका गाडीने कुत्र्याला उडवलं. गाडी थांबलीसुद्धा नाही. आवाज ऐकून मी खाली धावलो. रस्त्याच्या मधोमध तो पडला होता, मागचे दोन्ही पाय लुळे, आणि पुढच्या पायांवर स्वतःला ओढत कडेला जायला बघत होता. ओळखीचा कुत्रा. फाटकाशी झोपायचा, सकाळी शाळेच्या बसपर्यंत मुलांच्या मागे मागे जायचा.

मी मोबाइलवर जवळच्या प्राणी बचाव संस्था शोधल्या आणि फोन लावत सुटलो. पन्नास मिनिटांत अकरा फोन. चार नंबर बंद. तीन ठिकाणी कोणी उचलला नाही. एका गृहस्थांनी उचलला, पण त्यांनी हे काम कधीच सोडलं होतं, यादीत नंबर तेवढा राहिला होता. दोघांनी आमचा भाग त्यांच्याकडे येत नाही म्हणून सांगितलं. अकराव्या नंबरवर एक बाई होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडे आत्ता गाडी नाही. तुम्हीच त्याला उचलून दवाखान्यात नेऊ शकाल का?" मला त्यांचा रागच आला. मदत मागायला फोन केला तर कामाला मलाच लावतायत, असं वाटलं.

शेवटी शेजारच्या काकांनी गाडी काढली. चादरीत घालून मागच्या सीटवर ठेवलं त्याला. रात्री उघडा असलेला दवाखाना सापडेपर्यंत आणखी अर्धा तास गेला. डॉक्टरांनी सलाइन लावलं, वेदना कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. आतल्या आत रक्तस्राव होत होता. पहाटे तो गेला.

लवकर आणला असता तर वाचला असता का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. तेव्हापासून ती पन्नास मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मला नंबरांची यादी नकोय. याद्या बघितल्या मी. ज्यांना हे जमतं ती माणसं नेमकं काय करतात? आपल्याच वस्तीत मदत कुठे असते आणि ती वेळ येण्याआधी कशी शोधून ठेवायची? अनुभव असलेल्यांनी लिहा, प्लीज.

---

पाणपोई

वळचणदादा, वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही त्याला एकटं सोडलं नाहीत, हे आधी सांगते.

त्या अकराव्या नंबरवरच्या बाईंसारखीच मी. आमच्या गावात आम्ही चौघी हे काम करतो. चौघींच्याही नोकऱ्या आहेत, आणि चौघींच्याही घरात आजारी जनावरं आहेत. बाहेरून 'संस्था' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रुग्णवाहिका, डॉक्टर, मोठं आवार येतं. काही ठिकाणी ते खरंच असतं. पण बहुतेक ठिकाणी संस्था म्हणजे दोन-तीन माणसं आणि एक फोन. फोन आला की मी पहिल्यांदा हे बघते की समोरच्या माणसाच्या हातून काय होऊ शकेल, कारण तो तिथे उभा आहे आणि मी तासभर लांब.

म्हणून शोध संस्थेपासून सुरू करू नका. तुमच्या गल्लीत कुत्र्या-मांजरांना रोज खायला घालणारं कोणीतरी असतंच. भल्या पहाटे नाहीतर रात्री उशिरा दिसतात, कारण लोकांची बोलणी खायची नसतात. त्यांना गाठा. कुठला कुत्रा कोणाच्या हाती लागतो, कोणाला लस झाली आहे, कुठल्या कुत्रीला पिल्लं झाली आहेत, हे त्यांना तोंडपाठ असतं. कोणत्या डॉक्टरकडे भटकं जनावर आत घेतात आणि कोण दारातूनच परत पाठवतं, हेही त्यांनाच ठाऊक असतं.

दुसरी जागा म्हणजे जवळचा दवाखाना. डॉक्टरांपेक्षाही तिथल्या मदतनिसाशी बोला. रस्त्यावरची जनावरं कोण घेऊन येतं, कोण बिल भरतं, हे त्याच्या डोळ्यांसमोर घडत असतं. तिसरी खूण सहसा कोणी बघत नाही. गल्लीतल्या कुत्र्याच्या किंवा मांजराच्या कानाला खाच असेल, कानाचं टोक कापलेलं असेल, तर त्याची नसबंदी झालेली असते. म्हणजे कोणीतरी पिंजरा घेऊन तुमच्या गल्लीत आलं होतं, त्याला पकडून नेलं होतं आणि परत आणून सोडलं होतं. ते कोण होतं, विचारा. तुमच्या भागात खरोखर काम करणारी माणसं अशी सापडतात.

हे सगळं दिवसाउजेडी, काही घडलेलं नसताना करायचं. रात्री साडेदहाला शोधायला बसलं की तुम्हाला सापडल्या तशाच याद्या सापडतात.

---

आजोळ

पाणपोईताईंशी पूर्ण सहमत. शिवाय दवाखान्याला आधीच जाऊन विचारावं: रात्री कोण असतं, भटकं जनावर घेता का, एक्स-रे आणि शस्त्रक्रिया तिथेच होते का, आणि उपचारानंतर दोन दिवस ठेवून घेता का. शेवटचा प्रश्न सगळे विसरतात. पाय बांधून झाला की डॉक्टर जनावर तुमच्या हातात देतात. मग ते कुठे ठेवायचं? आमच्याकडे तळमजल्यावरची एक रिकामी मोरी आम्ही कायमची त्यासाठीच ठेवली आहे.

---

सरळमार्गी

माझा अनुभव कडू आहे, तरी लिहितो. दोन वर्षांपूर्वी पाय मोडलेलं एक पिल्लू मी एका निवारा केंद्रात नेऊन दिलं. त्यांनी हसतमुखाने घेतलं, देणगीही घेतली. आठ दिवसांनी बघायला गेलो तर आत जाऊ देईनात. फार मागे लागल्यावर कळलं की पाय ठीक होता, पण पिल्लू पार्व्होने, म्हणजे पिल्लांमध्ये झपाट्याने पसरणाऱ्या उलट्या-जुलाबाच्या आजाराने गेलं. एकाच खोलीत तीस-चाळीस पिल्लं होती. ते बरा होईल असाच पाय घेऊन आलं होतं, जीव तिथल्या गर्दीने घेतला. मी निर्धास्त घरी गेलो होतो, ते मला आजही खुपतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट बघतो. जी जागा "आमच्याकडे आता जागा नाही, पण औषध कसं द्यायचं ते सांगतो" असं म्हणते, तिच्यावर माझा विश्वास बसतो. जी प्रत्येक जनावराला हो म्हणते, तिथे मी आधी आत जाऊन बघतो. भेटायची वेळ ठरलेली असावी, नवीन आलेलं जनावर वेगळं ठेवलेलं दिसावं. आणि पैसे द्यायचे तर शक्यतो दवाखान्याच्या बिलावर थेट भरावेत.

---

शुश्रूषा

मी पशुवैद्य आहे. सरळमार्गी, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पार्व्होचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून घरी कुत्रा असेल तर रस्त्यावरचं आजारी पिल्लू त्याच्याजवळ आणू नये. किमान दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, आणि पिल्लाला हात लावल्यावर कपडे बदलायचे. फरशी पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने पुसायची. नेहमीच्या साबणाने हा विषाणू मरत नाही.

वळचण, तुमच्या प्रश्नातला 'नेमकं काय करतात' हा भाग मी घेते, कारण पहिला अर्धा तास बहुतेक वेळा डॉक्टरच्या हातात नसतोच.

गाडीची धडक बसलेल्या जनावराचा कणा दुखावलेला असू शकतो, म्हणून बगलेत हात घालून उचलू नका. फळी, कडक पुठ्ठा, गाडीतलं पायपुसणं, जे सपाट मिळेल त्यावर सरकवा. काहीच नसेल तर चादर दोघांनी ताणून धरा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा आणि बघायला म्हणून सारखं उचलू नका. ओठ वर करून हिरड्या बघता आल्या तर बघा. गुलाबी असतील तर थोडा वेळ हाताशी आहे. पांढऱ्याफटक दिसत असतील तर आत रक्तस्राव असू शकतो, अशा वेळी वाट बघत बसू नये. फोनवर हे एवढं सांगितलंत तरी डॉक्टर तयारीला लागतो.

पाणी पाजू नका, विशेषतः ग्लानीत असेल तर. ते फुप्फुसात जातं.

आणि घरातली गोळी देऊ नका. मांजराला पॅरासिटामॉल हे विष आहे. ते पचवून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात. माणसाच्या गोळीच्या एका तुकड्याने गेलेली मांजरं मी पाहिली आहेत, आणि ती गोळी प्रत्येक वेळी मायेनेच दिलेली होती.

---

वळचण

सगळ्यांचे आभार. शुश्रूषाताई, हे आधी माहीत असतं तर मी त्याला बगलेत धरून उचललं नसतं. उचलताना तो कळवळला आणि माझ्या मनगटाला त्याचा दात लागला, थोडं रक्तही आलं. बिचाऱ्याचा दोष नव्हता. घरी येऊन धुतलं, आता खपली धरली आहे.

पाणपोईताई, फोनवर नेमकं काय सांगायचं तेही लिहाल का?

---

शुश्रूषा

वळचण, बाकी सगळं बाजूला ठेवा. आज लस घेतली आहेत का? घेतली नसेल तर हे वाचून होताच दवाखान्यात जा. माणसांच्या.

कुत्रा साधा होता, ओळखीचा होता, दुखलं म्हणून चावला, हे सगळं खरं असेल. पण रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लक्षणं सुरू होण्याआधी लस घेतली तर तो टाळता येतो. एरवी चावलेलं कुत्रं किंवा मांजर १० दिवस डोळ्यांसमोर ठेवतात. ते ठणठणीत राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात. तुमचा कुत्रा पहाटेच गेला. त्यामुळे ती सोय तुमच्याकडे नाही. पूर्ण कोर्स घ्यावा लागेल. रक्त आलं होतं हे आवर्जून सांगा, कारण अशा जखमेत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही देतात. चार दिवस झाले म्हणून आता उपयोग नाही असं समजू नका.

इतरांसाठी: चावा असो की ओरखडा, लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून १५. पाण्याने नुसता हात ओला करणं म्हणजे धुणं नव्हे. हळद, तिखट, चुना काहीही लावायचं नाही. आणि जे नेहमी जनावरं उचलतात त्यांनी चावा होण्याआधीची लस घेऊन ठेवावी.

---

पाणपोई

दादा, आधी जाऊन या. माझं उत्तर कुठे पळत नाही.

---

वळचण

निघालो. काका गाडी काढतायत.

---

चिरक

वळचण येईपर्यंत पक्ष्यांबद्दल लिहितो, कारण दर विणीच्या हंगामात माझ्याकडे येणाऱ्या फोनपैकी पुष्कळ फोनांत खरं तर उचलायची गरजच नसते.

जमिनीवर पिल्लू दिसलं तर आधी त्याची पिसं बघा. अंगभर पिसं, आखूड शेपटी, टुणटुण उड्या मारतंय, तर ते उडायला शिकतंय. आईबाप जवळच्याच फांदीवर असतात, तुम्ही हलल्याशिवाय ते खाली येत नाहीत. मांजरापासून वाचवायचं म्हणून झुडपावर ठेवलंत तरी पुरे. उघडं, डोळे मिटलेलं असेल तर ते घरट्यातून पडलंय. घरटं दिसत असेल तर उचलून परत ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकून देते, ही समजूत खोटी आहे. घरटंच खाली आलं असेल तर लहान टोपलीत गवत घाला, तळाला पाणी निथळेल अशी भोकं पाडा, ती त्याच झाडाला बांधा आणि लांबून बघत राहा. भरल्या चोचीने आई परत येताना बघायला मिळते, त्यासारखं सुख नाही.

पक्षी खरंच जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, आवाजापासून लांब ठेवा. चोच उघडून पाणी ओतू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ तिकडे जातं. मांजराने तोंडात धरलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी डॉक्टरकडे न्या. दाताच्या सुईएवढ्या भोकातून गेलेले जंतू त्याला दोन-तीन दिवसांत मारतात, त्याला अँटिबायोटिक लागतं.

वटवाघूळ उघड्या हाताने कधीही उचलू नका, शुश्रूषाताईंनी लिहिलंय तेच कारण, रेबीज. साप असेल तर हात लावू नका, लांब उभं राहून तो कुठे जातोय त्यावर नजर ठेवा आणि जाणकाराला बोलवा. नजर सुटली की आलेल्या माणसाला काहीच करता येत नाही. रानातला प्राणी असेल तर वनखात्याला कळवा. बरा होईपर्यंत म्हणूनही त्याला घरी ठेवायला बहुतेक ठिकाणी कायद्याने मनाई असते.

---

निशिगंध

माफ करा, मध्येच विचारते. आत्ता आमच्या जिन्याखाली मांजराची चार पिल्लं सापडली आहेत. डोळे मिटलेले. आई दिसत नाही. मुलं दूध घेऊन आली आहेत. काय करू?

---

शुश्रूषा

दूध बाजूला ठेवा. हात लावण्याआधी एवढं बघून सांगा: स्वच्छ आहेत का? पोटं गोल आहेत का? एकमेकांना चिकटून झोपली आहेत की रडतायत?

---

निशिगंध

स्वच्छ आहेत. पोटं गोल आहेत. झोपली आहेत. मघाशी आम्ही टॉर्च मारला तेव्हा थोडी चुळबुळली.

---

शुश्रूषा

म्हणजे आई आहे. खायला शोधायला गेली असेल, किंवा तुम्हा सगळ्यांना बघून लांब थांबली असेल. मुलांना घरी पाठवा, तुम्हीही लांब जा. पिल्लं हलवू नका. पिल्लांभोवती पिठाची पातळ रेघ ओढून ठेवा. आई आली तर तिच्या पावलांचे ठसे उमटतील, तुम्हाला पहाऱ्याला बसायला नको. तीन-चार तासांनी बघा.

मधल्या काळात रडायला लागली, अंग गार लागलं, तर मात्र लगेच लिहा. तेव्हा आधी ऊब द्यायची, दूध नंतर. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, ते त्यानेच दगावतं. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकता येतं. गाईचं दूध नको, मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूधभुकटी मिळते. पालथं धरून पाजायचं, बाळासारखं उताणं नाही. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसाने मागून हलकेच पुसायचं, कारण या वयात आईने चाटल्याशिवाय त्यांना लघवी होत नाही. हे सगळं आईइतकं चांगलं आपल्याला जमत नाही, म्हणून तिला येऊ द्या.

---

वळचण

आलो. इम्युनोग्लोब्युलिन जखमेच्या भोवती दिलं, लसीचा पहिला डोस झाला, पुढच्या तारखा लिहून दिल्या. डॉक्टरांनी विचारलं, चार दिवस का थांबलात? मी म्हटलं, कुत्रा आमचाच होता म्हणून. शुश्रूषाताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

---

पाणपोई

हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला. आता तुमचा प्रश्न.

फोनवर पहिल्या वाक्यात जनावर कोणतं आणि कुठे आहे ते सांगा. 'बाजारापाशी' नको, अमुक फाटकासमोर असं. मग जे दिसतंय ते: उभं राहतंय का, श्वास कसा आहे, रक्त आहे का. आजाराचं नाव तुम्ही ठरवू नका. दहा सेकंदांचा व्हिडिओ आणि लोकेशन पाठवा. शेवटी तुम्ही काय करू शकता ते सांगा. "मी इथेच थांबतोय, गाडी नाही, पण बिलातला वाटा उचलेन," एवढं ऐकलं की माझं निम्मं ओझं उतरतं. "लवकर या, फार हाल होतायत" एवढंच सांगून फोन ठेवला की मी तासाभराने पोहोचते आणि तिथे कोणीच नसतं. घाबरलेलं जनावर तोवर कुठल्यातरी गटारात सरपटत गेलेलं असतं. किती वेळा टॉर्च घेऊन शोधलंय आणि सापडलेलं नाही, ते मोजायचं मी सोडून दिलं. म्हणून कळकळीने सांगते, जागा सोडू नका. जावंच लागलं तर दुसऱ्याला उभं करून जा.

ग्रुपवर निरोप टाकलात तर तारीख आणि वेळ घाला, आणि मदत मिळाली की तिथेच तसं लिहा. मागच्या वर्षी बरं होऊन दत्तक गेलेल्या एका कुत्रीसाठी मला अजून फोन येतात.

---

आजोळ

आमच्या वसाहतीत आम्ही कामं वाटून घेतली आहेत, त्याचा फार फायदा झाला. गाडी कोण काढणार, जनावर कोण धरणार, दवाखान्यात कोण बसणार, हे ठरलेलं आहे. एक काकू आहेत, त्यांना रक्त बघवत नाही. त्या फक्त फोन करतात आणि वर्गणीचा हिशोब ठेवतात. जिन्याखाली एका पेटीत जाड चादर, हातमोजे, पट्टा, मुसकं बांधायला सुती पट्टी, टॉर्च एवढं असतं.

---

शुश्रूषा

मुसक्याबद्दल एक भर: उलटी होत असेल, धाप लागली असेल किंवा नाक चपटं असेल तर तोंड बांधू नका. डोक्यावर हलकं कापड टाका. काही दिसेनासं झालं की बरीच जनावरं शांत होतात.

---

वळचण

काल अकराव्या नंबरवरच्या त्या बाईंना फोन केला. त्या रात्री मी फोन आपटला होता, त्याची माफी मागितली. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, कुत्रा कसा आहे? गेला म्हटल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगितलं की आमच्याच गल्लीत मागच्या बाजूला एक आजी रोज रात्री अकराला खायला घालतात. सात वर्षं मी इथे राहतोय, मला माहीत नव्हतं. रात्री खाली जाऊन आजींना भेटलो. आमच्या कुत्र्याला त्या 'शिपाई' म्हणायच्या. चार रात्री त्याची वाटणी बाजूला काढून थांबत होत्या. मलाच सांगावं लागलं त्यांना.

काका गाडीला तयार आहेत. दवाखान्यात थांबायला मी. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी मुली जनावर धरायला शिकतो म्हणाल्या, त्यांना आधी लस घ्यायला सांगितलं आहे.

निशिगंध, पिल्लांचं काय झालं?

---

निशिगंध

रात्री दोनला बघितलं तर पिठाच्या रेघेवर दोन्हीकडून पावलं उमटली होती. सकाळी आई आत होती, चौघंही तिला लुचत होती. मी लांबूनच बघून परत आले.

आता तिच्या नसबंदीचं कसं करायचं? पिल्लं केवढी झाल्यावर?

---

शुश्रूषा

साधारण आठ आठवड्यांची होऊन स्वतःचं स्वतः खायला लागली की. फार थांबू नका, अंगावर पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी तिला खायला घालायला आजपासूनच सुरुवात करा, म्हणजे तेव्हा पिंजऱ्यात येईल.

---

निशिगंध

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका बोक्याच्या कानाला खाच आहे. पाणपोईताईंचं वाचून सगळीकडे विचारत गेले, तेव्हा किराणा दुकानाच्या वर राहणाऱ्या एका ताईंनी त्याला नेलं होतं असं कळलं. त्यांच्याकडे पिंजरा आहे. त्यांनी वहीत तारीख लिहून घेतली आहे.